आधी जेवण, मग प्रार्थना : कोल्हापुरात लहान पोरांना ख्रिस्ती विश्वासात वाढवताना

घरच्या प्रार्थनेची वेळ घड्याळ बघून ठरवू नका, पोरांचं पोट बघून ठरवा. उपाशी पोरं स्तोत्रसंहिता ऐकत नाहीत आणि जेवून बराच वेळ झाला की डुलक्या काढतात. ताटं उचलल्यापासून अंथरुणं पडेपर्यंत मधे जो थोडा वेळ सापडतो, तोच खरा. तो धरायचा.

मी उद्यमनगरात लेथवर काम करतो. बायको स्टाफ नर्स, महिन्यातले बरेच दिवस नाइट ड्यूटी. त्यामुळं सात वर्षांची थोरली आणि चार वर्षांचा धाकटा यांची संध्याकाळची प्रार्थना माझ्या वाट्याला आली. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या पुष्कळ घरांत हे खातं आईकडं असतं आणि वडील ‘आमेन’पुरते हजेरी लावतात. चर्चमधली नवी जोडपी विचारतात, तुम्ही घरात नेमकं करता तरी काय? ते एकदा सविस्तर सांगून टाकतो. यातलं सगळं प्रत्येक घराला लागू पडेलच असं नाही.

रोजची बैठक

लेथवर नवा जॉब लावला की पहिला कट हलका घ्यायचा असतो; तसंच हे. सुरुवातीला पाच मिनिटं पुरे. तीन-चार वर्षांचं पोर त्याहून जास्त वेळ बसलं तर ते भक्तीनं नव्हे, झोपेनं बसलंय असं समजा. आमचा क्रम ठरलेला आहे: एक गाणं, एक गोष्ट, प्रत्येकाची आपापली प्रार्थना, मग सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूनं शिकवलेली. क्रम बदलायचा नाही. लहान पोरांना पुढं काय येणार हे माहीत असलं की ती शांत बसतात. रोज नवं काहीतरी काढत राहिलं तर रोज नवा दंगा होतो.

गाणं पाठ असलेलं घ्या आणि हातात टाळ द्या. आमच्या घरी आईनं, म्हणजे पोरांच्या आजीनं, टाळ जपून ठेवलेत. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) आपल्या मातीतल्या अभंगांच्या चालीवर ख्रिस्ताची गाणी रचली, त्याचा सगळ्यात मोठा फायदा लहान पोरांनाच झाला असं माझं मत आहे. ही चाल त्यांच्या कानाला परकी नसते. गल्लीतल्या भजनी मंडळात ती रोज ऐकू येते. इंग्रजी गाण्यांवर हातवारे करून नाचणं संडे स्कूलमध्ये छान चालतं. घरात मात्र झोपायच्या आधी नाच सुरू झाला की पुढचा तास गेला.

बायबल कागदाचं घ्या. मोबाइलवर उघडलं की धाकटा वचन संपायच्या आत कार्टून मागतो. चित्रांचं पुस्तक दाखवायला हरकत नाही, पण दोन-तीन ओळी मोठ्या बायबलमधूनच वाचा. ते जड पुस्तक मांडीवर घ्यायला मिळणं हाच धाकट्यासाठी मान असतो. आज कुणाच्या मांडीवर, यावरून भांडणं होतात. होऊ द्या.

पोरांची प्रार्थना दुरुस्त करू नका. धाकटा म्हणतो, “प्रभू येशू, आजीचा गुडघा बरा कर, मम्मीला लवकर सोड आणि आमच्या तालमीला मॅच जिंकू दे.” कोल्हापुरात पेठापेठांतल्या तालमींचा फुटबॉल सुरू झाला की त्या दिवसांत निम्मी प्रार्थना शाहू स्टेडियमवरची असते. त्यावर “असं मागू नये” असा उपदेश केला की पोर उद्यापासून तुमचीच वाक्यं म्हणून दाखवेल आणि त्याच्या मनात काय चाललंय ते कळायचं बंद होईल. मॅच हरल्यावर थोरलीनं विचारलं होतं, “समोरच्या तालमीतल्या पोरांनीपण प्रार्थना केली असंल की?” मी म्हटलं, असंल की. त्यावर तिचा बराच वेळ विचार चालला होता. काही प्रश्नांना एवढंच उत्तर पुरतं.

प्रभूची प्रार्थना एका दमात पाठ करून घेऊ नका. आठवड्याला एक ओळ, आणि त्या आठवड्यात ती ओळ घरात वापरायची. ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ या ओळीच्या आठवड्यात आजीनं पोरांना पिठाच्या डब्यापाशी बसवलं, ज्वारी कुठून येते, दळतं कोण, थापतं कोण, सगळं सांगितलं. धाकट्याची तक्रार एकच, त्याला चपाती हवी होती. ‘आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे’ ही माफीची ओळ अवघड आहे. दोन भावंडं असतील तर त्या आठवड्यात उदाहरणं शोधायला लांब जावं लागत नाही.

वचन पाठ करायला द्यायचं तर चिमुकलं द्या. ‘देव प्रीती आहे.’ बास. संडे स्कूलमध्ये पाठांतराला चॉकलेट मिळतं, ते मिळू दे. घरात मी देत नाही.

गोष्टी कुठल्या, कुठल्या नंतर

मार्कच्या शुभवर्तमानापासून सुरुवात करा. छोटं आहे, वेगवान आहे, लांबलचक बोलणं कमी आणि घडामोडी जास्त. कफर्णहूमात चार जण आपल्या आजारी दोस्ताला छपरातून खाली सोडतात, ही आमच्या घरातली सगळ्यात लाडकी गोष्ट. गावाकडं आमचं कौलारू घर आहे, त्यामुळं पोरांना छप्पर उचकटणं म्हणजे काय ते नीट कळतं. थोरलीचा पहिला प्रश्न: “मग कौलं परत बसवली कुणी?” येशू याईराच्या मेलेल्या मुलीला उठवतो, त्या गोष्टीत शेवटी तो म्हणतो, तिला काहीतरी खायला द्या. हे वाक्य गाळू नका, कारण आजारातून उठलेल्या पोराला आई काय म्हणते ते पोरांना माहीत असतं.

जक्कयाची गोष्ट करून दाखवायची. मी झाड, धाकटा जक्कय. लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात तो येशूला बघायला उंबराच्या झाडावर चढतो, आणि उंबर म्हटलं की आमच्या पोरांना नरसोबाची वाडी आठवते, कारण शेजारच्या काकू तिथं जाऊन आल्या की औदुंबराचं सगळं वर्णन करतात. धाकट्यानं विचारलं, “जक्कय दत्ताच्या झाडावर चढला?” मी सांगितलं, झाड त्याच जातीतलं, पण ते यरीहो गावातलं. त्याचं समाधान झालं आणि तो माझ्या खांद्यावर चढला. गोफणीच्या खड्यानं धिप्पाड गल्याथाला पाडणाऱ्या दावीदाची गोष्ट चार वर्षांच्या मुलाला सांगायच्या आधी घरातले खडे गोळा करून ठेवा. गोफण कशी असते हे मी हौसेनं दाखवलं आणि आठवडाभर थोरली गल्याथ झाली.

आता नोहा, महापुरातून तारवात, म्हणजे मोठ्या नावेत, वाचलेला. बाजारात मिळणाऱ्या प्रत्येक मुलांच्या पुस्तकात तारवातून जिराफ मान बाहेर काढून हसत असतो. पण आपला जिल्हा पुराचा. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी कुठवर आलं होतं, ते शिरोळकडच्या नातेवाइकांच्या भिंतीवर अजून दिसतं. त्या भिंतीला हात लावून आलेलं पोर जिराफ बघत नाही. ते विचारतं, तारवाबाहेरच्या माणसांचं काय झालं? म्हणून माझा सल्ला: पाच-सहा वर्षांखालच्या मुलांना ही गोष्ट घाईनं सांगू नका. पाण्याचीच गोष्ट हवी तर मार्कच्या चौथ्या अध्यायातलं वादळ सांगा, ज्यात येशू नावेत उशी घेऊन झोपलाय आणि शिष्य ओरडून त्याला उठवतात. भीती वाटली की ओरडायला परवानगी आहे, एवढं त्यातून पोराला कळलं तरी खूप.

थोरलीनं एकदा सरळच विचारलं, “पप्पा, आपल्याकडचा पूर देवानं पाठवला का?” उत्तर देताना मी दोन गोष्टी सांभाळल्या. कुणाच्या पापामुळं कुणाचं घर बुडलं असलं काही बोललो नाही. असं बोलणारी माणसं भेटतात, त्यांच्यापासून पोरं लांब ठेवा. आणि पुरात काय काय झालं ते सांगितलं: बोटी आल्या, सैन्याचे जवान आले, तालमीतली पोरं गुडघाभर पाण्यातून दूध-पाणी घेऊन गेली, लोकांनी भाकऱ्या गोळा करून पाठवल्या. देव तेव्हा कुठं होता, असं विचारलं तर मी त्या बोटींकडं बोट दाखवतो. याहून मोठं उत्तर माझ्याजवळ नाही आणि सात वर्षांच्या मुलीला ते लागलंही नाही.

अब्राहाम आपल्या मुलाला बळी द्यायला वेदीवर ठेवतो ती गोष्ट तर आणखी नंतर. बापाच्या शेजारी झोपणाऱ्या पोराला ती रात्री सांगायची नाहीच.

वधस्तंभाचं काय? टाळू नका, पण येशूच्या मरणाच्या शुक्रवारवर थांबूही नका. चार वर्षांच्या मुलाला चार वाक्यांत खरं सांगा आणि त्याच बैठकीत, तो पुन्हा उठला त्या रविवारच्या पहाटेपर्यंत या. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, बारा ते तीन सात उद्गारांची, म्हणजे येशू वधस्तंभावरून बोलला त्या सात वाक्यांची उपासना असते. तीन तास लहान मुलं बसत नाहीत, बसवूही नयेत. त्यांना एक-दोन उद्गारांपुरतं न्या. तिसरा, जिथं येशू वधस्तंभावरून आपल्या आईची सोय लावतो, आणि पाचवा, ‘मला तहान लागली आहे’. उन्हाळ्यातल्या दुपारी हे दोन्ही पोरांना समजावून सांगावे लागत नाहीत. त्याच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी मात्र पूर्ण वेळ न्या, झावळी हातात असली की ती खूश. फक्त झावळीनं पुढच्या बाकावरच्या काकांचा कान किती वेळा खाजवायचा, याची मर्यादा आधी ठरवून द्या.

गल्लीतला गणपती

खरी परीक्षा चर्चमध्ये नसते, घराच्या दारात असते. आमच्या दारापासून हाकेच्या अंतरावर मंडळाचा मांडव पडतो. दहा दिवस आरती, लेझीम, स्पीकर. चैत्रात जोतिबाला जाणारी माणसं गुलालात न्हाऊन ‘चांगभलं’ म्हणत परततात. दसऱ्याला सोनं लुटायचं. नवरात्रात तर अंबाबाईसाठी अख्खं गाव रांगेत. या सगळ्यात लहान ख्रिस्ती पोराला दार लावून घरात बसवणारी माणसं मी बघितली आहेत. ती पोरं खिडकीला चिकटून बसतात आणि त्यांच्या मनात विश्वासाचा पहिला अर्थ ‘आपल्याला जाऊ देत नाहीत’ असा बसतो.

आधी नवरा-बायकोनं आपसांत ठरवा, सणाच्या महिनाभर आधी, मांडवासमोर उभं राहून नव्हे. आमच्यात असं ठरलं: लेझीम, ढोल, देखावे बघायला जायचं. आरती सुरू झाली की बाजूला उभं राहायचं. टाळ्या नाहीत, हात जोडणं नाही, आणि चेष्टा तर अजिबात नाही. प्रसादाचा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो. करिंथकरांना प्रेषित पौलानं पहिल्या पत्राच्या दहाव्या अध्यायात जे लिहिलंय ते आम्ही धरतो: कुणी जेवायला बोलावलं तर पानात वाढलेलं खावं, उगाच चौकशा करू नयेत, पण हे देवाला वाहिलेलं आहे असं कुणी सांगून दिलं तर घेऊ नये. म्हणून शेजारच्या काकूंकडं आम्ही पोटभर जेवतो आणि प्रसाद म्हणून हातावर ठेवला तर नको म्हणतो.

हे नको म्हणणं पोरांना शिकवावं लागतं, अगदी शब्द आणि आवाजासकट. तोंड वाकडं करून नाही, पळून जाऊन नाही. “काकू, आमच्या घरात प्रसाद घेत नाहीत, पण तुमचे मोदक लई आवडतात.” थोरलीनं हे दुसरीकडं मान वळवून, लाजत लाजत म्हटलं होतं. तेव्हापासून काकू नैवेद्य दाखवायच्या आधीच पोरांचे मोदक डब्यात बाजूला काढून ठेवतात आणि खिडकीतून हाक मारतात, “ए, तुमचं बिनप्रसादाचं घेऊन जावा!” सगळ्या शेजाऱ्यांना हे जमेल असं नाही. पण आधी मोकळेपणानं सांगितलं तर माणसं आपल्याला वाटतं त्यापेक्षा पुष्कळ समजून घेतात.

आमच्या आजीचं मात्र वेगळं. ती सणाच्या दिवसांत शेजारचं काहीच खात नाही. पोरांनी विचारलं की मी सांगतो, आजीचं मन तसं सांगतं, आणि देवापुढं तिला तिचं मन सांभाळायचंय. तिला हसायचं नाही, आणि तिनंही आपल्याला बोलायचं नाही. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय याच भांडणावर आहे. एका घरात दोन रीती असलेल्या पोरांनी पाहिल्या तर बिघडत काहीच नाही.

एक गोष्ट मात्र आमच्याकडं चालत नाही: “त्यांचा देव खोटा.” धाकटा कुठूनतरी हे ऐकून आला होता. त्याला मी विचारलं, काकूंना असं म्हटलास तर त्यांना कसं वाटेल? तो म्हणाला, वाईट. मग म्हटलं, आपण कुणाची प्रार्थना करतो ते सांगायचं, दुसऱ्याचं बोलायचं नाही. लहान वयात एवढं पुरे. बाकीचं धर्मशास्त्र त्याला दाढी-मिशा आल्यावर.

उलटाही प्रश्न येतो. शाळेत कुणीतरी विचारतं, “तुम्ही इंग्रज का रं?” याचं उत्तर घरात आधीच तयार ठेवा, नाहीतर पोर रडत येतं. आम्ही एका सुट्टीत गावातून चक्कर मारली. वायल्डर मेमोरियल चर्च बाहेरून दाखवलं आणि सांगितलं की रॉयल वायल्डर नावाचे अमेरिकन मिशनरी १८५२ मध्ये कोल्हापुरात आले. ते परदेशी होते, पण आपले पणजोबा इथलेच, याच जिल्ह्यात शेती करणारे. मग दसरा चौकात गेलो. शाहू महाराजांच्या काळात कोल्हापुरात वेगवेगळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली, त्यांत ख्रिस्ती मुलांसाठीही एक होतं, हे सांगितलं. थोरलीनं त्यातून स्वतःचं उत्तर बनवलं: “आम्ही महाराजांच्या आधीपासून हितंच हाय.” इतिहासात थोडं इकडं-तिकडं आहे, पण मी बदललं नाही.

शाळेत ‘माझा आवडता सण’ निबंधाला बाईंनी फळ्यावर दिवाळी लिहून दिली आणि सगळ्यांनी तीच उतरवली. भांडायला जाऊ नका. सवडीनं भेटा, म्हणा की पोरीला नाताळवर लिहायचंय, चालेल का. आमच्या बाई लगेच हो म्हणाल्या आणि तिला तो वर्गात वाचायलाही लावला.

नाताळ, उलट्या दिशेनं

दहा महिने आपण इतरांच्या सणांच्या कडेला उभे असतो; डिसेंबरमध्ये त्यांना आत बोलवा. आमच्याकडं येशूच्या जन्माचा गोठा गल्लीतली पोरंच करतात. दिवाळीच्या किल्ल्याची माती, अळीव पेरायची अक्कल आणि चित्रं, सगळं त्यांच्याकडं तयार असतं. मेंढपाळ कमी पडले म्हणून एका वर्षी पोरांनी किल्ल्यावरचे मावळे आणून लावले. ढाल-तलवारीसकट. बाळ येशूभोवती एवढा कडक पहारा बेथलेहेमातसुद्धा नसेल! आजीला ते पटलं नव्हतं, पण तिनंच नंतर गव्हाणीजवळच्या मावळ्याला सरळ उभं केलं.

करंज्या, शंकरपाळी, केकचे डबे पोरांच्याच हातानं घरोघर पाठवा. डब्याबरोबर भाषण नको. कुणी विचारलं की हा सण कशाचा, तर पोरांनी दोन वाक्यांत सांगावं, एवढी तयारी असू दे. बायकोची चोवीस डिसेंबरला नाइट असली तर आम्ही केक पंचवीसच्या सकाळी ती आल्यावर कापतो. नर्सच्या पोरांना हे लवकर कळतं.

रविवार

चर्चमध्ये मागं बसू नका. मागून पोरांना फक्त माणसांच्या पाठी दिसतात. बाजूच्या दाराजवळ, पुढून दुसऱ्या-तिसऱ्या बाकावर बसा. पाळकसाहेबही दिसतात आणि रडारड झाली तर बाहेर पडता येतं. कागद-पेन्सिल चालेल. भडंग आणू नका, उपदेशाच्या शांततेत त्याचा आवाज वेदीपर्यंत जातो. दानाचं नाणं शनिवारी रात्री पोराच्या स्वतःच्या डब्यातून काढायला लावा. सकाळी बापानं खिशातून काढून दिलेलं नाणं पोर टाकतं, पण त्यानं ते दिलेलं नसतं.

“मला प्रभुभोजन का नाही?” हा प्रश्न येईलच, म्हणजे चर्चमध्ये मोठ्यांना मिळणारी भाकर आणि द्राक्षरस. तुमच्या मंडळीची रीत सांगा आणि पाळकसाहेबांनाच विचारू द्या. आमच्या धाकट्यानं भर उपासनेनंतर त्यांचा झगा ओढून विचारलं आणि त्यांनी तिथंच खाली बसून उत्तर दिलं. कुणी वडीलधारं दंग्यावरून डोळे वटारत असेल तर पोराला त्यांच्याच शेजारी बसवा. हा उपाय दोघांनाही लागू पडतो. दुपारी तांबडा-पांढरा रस्सा. पोरांच्या लेखी रविवारची ओढ निम्मी चर्चची आणि निम्मी याची, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही.

एक सवय सोडून द्या

“येशू बघतोय हं!” असं म्हणून पोरांना गप्प करू नका. दूध सांडलं, येशू बघतोय. अभ्यास नाही, येशू बघतोय. असं वाढलेलं पोर मोठेपणी देवाला घाबरतं किंवा त्याला टाळतं. दंगा थांबवायचा तर बापानं स्वतःच्या नावावर थांबवावा. बघतोय म्हणायचंच असेल तर पोर अंधाराला घाबरतं तेव्हा म्हणा.

आणि एखाद्या रात्री पोर म्हणतं, “मला आज प्रार्थना नको.” जबरदस्ती नाही, लालूच नाही. त्याला तिथंच लोळू द्या आणि तुम्ही तुमची करा, थोडी मोठ्यानं, त्याचं नाव घेऊन. धाकटा असा रुसून उशीत तोंड खुपसून पडतो, पण त्याच्या मॅचचा उल्लेख राहिला की उशीतूनच ओरडतो, “पप्पा, तालीम ऱ्हायली!” मग तालीम घ्यायची आणि आमेन त्याला म्हणू द्यायचं, कारण आमेन आधी कुणी म्हणायचं यावरून पुढचं भांडण वाट बघत असतं.